शिकागोचा १ मे आणि गिरणगावचा

दर वर्षी १ मे रोजी शिवाजी पार्कवर संचलन होते, हुतात्मा चौकात पुष्पचक्रे वाहिली जातात आणि १९६० मधील राज्यस्थापनेचे स्मरण यथासांग पार पडते. हा कामगार दिनही आहे, याची आठवण बहुधा भाषणाच्या शेवटच्या वाक्यात होते. वास्तविक हुतात्मा स्मारकावर मशाल धरून शेतकऱ्याच्या जोडीने उभा आहे तो कामगारच.

हा दिवस मूळचा रशियाचा, अशी समजूत आपल्याकडील सुशिक्षितांतही आढळते. तो अमेरिकेचा आहे. १८८४ च्या ऑक्टोबरात तेथील कामगार संघटनांनी शिकागो येथे ठराव केला की, १ मे १८८६ पासून आठ तास हाच कामाचा दिवस मानला जावा. त्या दिवशी लाखो कामगारांनी काम थांबविले. ३ मे रोजी मॅकॉर्मिक कारखान्यापाशी गोळीबार झाला, ४ मे रोजी हेमार्केट चौकात बॉम्ब पडला आणि पुढील वर्षी चौघांना फाशी झाली. बॉम्ब कोणी टाकला हे मात्र कधीच सिद्ध झाले नाही. १८८९ च्या पॅरिस परिषदेने ही तारीख जगाला दिली. खुद्द अमेरिकेने १८९४ मध्ये आपला कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी नेऊन ठेवला.

योगायोग असा की, त्याच १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सिद्ध केला होता. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, या त्यातील मागण्या. सूर्यास्ताला तरी सोडा, एवढेच मागणे होते! सुटी मिळावयास १८९० उजाडले. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने आली आणि ४८ तासांचा आठवडा १९४६ मध्ये.

तोच बाराचा आकडा आता परतला आहे. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांवर, तर तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, हा त्यावरील युक्तिवाद गणिताने बिनचूक आहे. तथापि थकवा बेरजेने वाढत नाही. बाराव्या तासाचे श्रम पहिल्या तासाइतके नसतात. शिवाय परळ-लालबागचा कामगार पूर्वी भोंगा ऐकून चाळीतून पायी गिरणीत जाई. आज त्या गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत आणि कष्टकरी विरार-कल्याणहून लोकलने येतो. त्याचे प्रवासाचे तास कोणत्या मर्यादेत मोजावयाचे?

जादा कामास कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले जाते. लोखंड्यांच्या अर्जामागे साडेपाच हजार माणसे होती. कंत्राटी कामगार मुकादमासमोर एकटा सही करतो आणि नाही म्हणाल्यास दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतले जाईलच असे नाही. ही संमती व्यक्तीची न घेता कामगार संघटनेशी झालेल्या कराराने घेतली जावी, आणि जेथे संघटना नाही तेथे कामगारांच्या गुप्त मतदानाने, एवढी तरतूद नियमांत असावयास हवी.