पत्रकाच्या मागच्या बाजूला रस्ताही छापा

नेपाळ यात्रा काढणाऱ्या सर्व यात्रा कंपन्यांच्या मालकांना,



मी एसटीतून निवृत्त झालेला चालक. 31 वर्षं गाडी चालवली, त्यातली निम्मी घाटात. तुमच्या धंद्यावर राग म्हणून हे पत्र लिहीत नाही. जिने जन्मात तालुक्याचं गाव ओलांडलं नव्हतं अशा बाईला काशी, अयोध्या, पशुपतिनाथ तुम्ही दाखवलेत. सोबत आचारी नेलात, एकादशीला तिचा उपास सांभाळलात. त्या बाईचा तुमच्यावर किती विश्वास असतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणूनच लिहितो आहे.

23 ऑगस्ट 2024. श्रावणातला शुक्रवार, जिवतीचा वार. त्या दिवशी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीकडे कोसळली. 27 जण गेले. बहुतेक आपल्या जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव-भुसावळ भागातले. हवाई दलाच्या विमानाने मृतदेह महाराष्ट्रात आणावे लागले. त्या अपघातात चूक कोणाची, हे मी घरी बसून सांगणार नाही. पण त्याआधी सहाच आठवडे, 12 जुलैला, नारायणघाट-मुग्लिन रस्त्यावर सिमलतालजवळ दरड आली होती आणि प्रवाशांनी भरलेल्या दोन बस तिने त्रिशूली नदीत ढकलल्या होत्या. नदीला इतका पूर होता की गाड्यासुद्धा सापडेनात. पुढे सप्टेंबरअखेरच्या पावसात नेपाळभर 200 हून अधिक माणसं गेली. म्हणजे तिथला पावसाळा काय करतो हे कोणापासून लपलेलं नाही. तुम्हाला ते माहीत असतं. पैसे भरणाऱ्या माणसाला मात्र माहीत नसतं, आणि माझी तक्रार एवढीच आहे.

2022 च्या भाद्रपदात मी आणि माझी पत्नी अशाच एका यात्रेला गेलो होतो. पहाटे चारला अयोध्येहून निघालो. सुनौलीच्या नाक्यावर भंसार, म्हणजे नेपाळची जकात, भरण्यात दुपारचे चार वाजले. मुक्काम पोखऱ्याला ठरलेला, लॉज सांगून ठेवलेला. बुटवल सोडलं की लगेच सिद्धबाबाचा तो दरडींचा पट्टा लागतो आणि डोंगर सुरू होतो. मी सवयीने उतरून चाकांवर हात फिरवला होता. पुढच्या डाव्या चाकाला रिमोल्ड टायर. आमच्या डेपोत पुढच्या चाकाला रिमोल्ड लावलेला मी कधी पाहिला नाही, कारण मागचा फुटला तर गाडी सावरता येते, पुढचा फुटला तर स्टेअरिंगच हातात राहत नाही.

अंधार पडल्यावर मी केबिनमध्ये जाऊन बसलो. ड्रायव्हर पंचविशीतला पोरगा, गंगेच्या मैदानातला. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावायचा. उतारावर गाडी वरच्या गिअरमध्ये सोडून सारखा ब्रेक दाबत होता. लायनर तापल्याचा वास केबिनभर पसरला होता. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मी त्याला गिअर सांगत गेलो, त्याच्याशी बोलत राहिलो. मागे हरिपाठ म्हणून दमलेल्या बायका निवांत झोपल्या होत्या. पोखऱ्याला पोचलो तेव्हा रात्रीचा सव्वा वाजला होता. एकवीस तास. मोटार वाहतूक कामगारांसाठी तेव्हा 1961 चा कायदा होता, त्यात दिवसाला आठ तास काम लिहिलेलं होतं. त्या पोराला दुसरा ड्रायव्हर जोडीला दिला असता तर मला केबिनमध्ये बसावं लागलं नसतं.

एक गोष्ट मात्र त्याच यात्रेत चांगली झाली. मुक्तिनाथच्या वाटेवर बेनीच्या पुढे दरड होती. बायका रडकुंडीला आल्या, इथवर येऊन मुक्तिनाथ चुकवायचा कसा म्हणाल्या. पण आमच्या यात्रा व्यवस्थापकाने ऐकलं नाही, गाडी वळवली. त्या माणसाला मी तिथेच हात जोडले होते. माघार घेण्याचा अधिकार त्याला आहे, असं तुम्ही निघण्याआधीच सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे त्या क्षणी तो एकटा पडणार नाही.

मुक्तिनाथाचंच घ्या. तो 3,700 मीटरच्या वर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. पोखरा हजार मीटरच्याही खाली, आणि तिथून दोन दिवसांत सत्तरीच्या माणसांना तुम्ही वर नेता. 108 धारांखाली बर्फासारख्या पाण्यात त्यांचं स्नान होतं. उंचीवर हवा विरळ होते, डोकं दुखतं, मळमळतं, धाप लागते, आणि ज्याला ब्लडप्रेशर किंवा हृदयाचा त्रास आहे त्याला तर जास्तच जपावं लागतं. आपली माणसं हे अंगावर काढतात. सांगितलं तर यात्रा चुकेल, अशी भीती असते. म्हणून पैसे घेताना डॉक्टरांचा दाखला मागा. वाटेतल्या जोमसोमला एक मुक्काम जास्त ठेवा. विमानाने नेतो म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. 29 मे 2022 ला पोखरा-जोमसोम विमान पडलं, त्यात 22 जण होते, कोणीही वाचलं नाही.

आता कागदांचं. भारतातल्या गाडीचा विमा नेपाळमध्ये आपोआप चालत नाही. जादा हप्ता भरून पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. ती नोंद आहे का, हे गोरखपुरात नेपाळसाठी बस ठरवताना तुमच्यापैकी किती जण बघतात? प्रवाशांच्या विम्याचंही तेच, भारताबाहेर लागू असं त्यावर लिहिलेलं हवं. सोबत मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट हवा, नुसत्या आधार कार्डावर विसंबू नये. आणि सीमा ओलांडली की आपले मोबाईल बहुधा मुके होतात. कोण कोणत्या बसमध्ये बसलंय याची यादी, घरच्यांचे नंबर, प्रत्येकाची औषधं, हे सगळं गावाकडच्या तुमच्या ऑफिसात ठेवा आणि एक प्रत काठमांडूच्या भारतीय दूतावासाला पाठवा. 9 सप्टेंबर 2025 ला तरुणांच्या आंदोलनात काठमांडू पेटलं, विमानतळ बंद झाला, तेव्हा घरची माणसं टीव्हीसमोर बसून होती. आपली माणसं कुठे आहेत, हे कळण्याचा दुसरा मार्ग त्यांच्याकडे नव्हता.

श्रावणच का, हे मला समजतं. पेरणी झालेली असते, निंदणी उरकलेली असते, हातात थोडा वेळ असतो. कार्तिकात नेपाळचं आभाळ स्वच्छ असतं, पण तेव्हा आमच्याकडे कापूस वेचायला माणूस मिळत नाही. मग फाल्गुन-चैत्र धरा. हरभरा-गहू घरात आलेला असतो, पैसा असतो, आणि तिकडचे डोंगरही कोरडे असतात. जून ते सप्टेंबर नेपाळ नको, एवढं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत तर कोणाचंही गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाणार नाही. एकट्याने ठरवणं अवघड आहे, हे मी मान्य करतो.

तुमच्या पत्रकावर चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण, गोडधोड कोणत्या दिवशी, हे सगळं बारीक टाईपात असतं. मागची बाजू कोरी असते. तिथे छापा: रोज किती किलोमीटर, किती वाजता गाडी उभी राहणार, ड्रायव्हर किती, विमा कुठला, मुक्कामाची उंची किती.

माझी पत्नी येत्या फाल्गुनात दोन बहिणींना घेऊन पुन्हा जायचं म्हणते, मुक्तिनाथ राहिलाय तिचा. ज्यांच्या पत्रकाची मागची बाजू अशी भरलेली असेल, त्यांच्याकडे मी तिघींचा ॲडव्हान्स भरीन. गोरखपूरपर्यंत त्यांच्यासोबत येईन, आणि गाडी हलण्याआधी चारही बाजूंनी तिच्याभोवती फिरून टायर बघीन. त्याला नाही म्हणू नका.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक