काजळी ही घरधन्याची बाब होय

श्रावण षष्ठीच्या यात्रेस जोतिबाच्या डोंगरावर जाणाऱ्यास पायथ्याच्या वाड्यांतून एक दृश्य हटकून दिसते. कौलांच्या फटींतून धूर निघतो आणि वर न चढता धुक्यात मिसळून अंगणातच रेंगाळतो. दुरून ते रमणीय वाटते. त्याच घरात चुलीपाशी घटकाभर बसून पाहावे, म्हणजे रमणीयता किती ते कळते. डोळ्यांस धारा, वाशांस जळमटे, आणि भाकरी थापणारीचा खोकला.

कोणी म्हणेल, १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गरिबाघरीही गॅसची टाकी पोचू लागली, मग ही जुनी रड कशाला? टाकी पोचली हे खरे. तथापि चहा टाकीवर आणि अंघोळीचे पाणी, भाकरी व गुरांचे आंबोण चुलीवर, अशी वाटणी पुष्कळ शेतकरी घरांत अद्याप आहे. टाकी संपली की सर्वच चुलीवर. घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष माणसे अकाली मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

काजळी म्हणजे न जळलेले सरपण होय. नुकत्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असते; चांगले वाळल्यावर ते पाचव्या हिश्श्यावर किंवा त्याखाली येते. ओले लाकूड चुलीत घातले की ऊब आधी ते पाणी आटविण्यात खर्ची पडते, जाळ मंद राहतो, आणि लाकडातून निघणारे वायू न जळताच धूर होऊन जातात. थंड धुराड्यास त्यांचा डांबरासारखा थर बसतो. थर वाढला की धूर घरात मागे फिरतो. आणि एखाद्या दिवशी चिपाडाचा मोठा जाळ झाला की थरच पेट घेतो. शेजारी कडब्याची गंज असल्यास पुढचे सांगावयास नको.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. मोठ्या हौसेने आम्ही धुराड्याची चूल घालून घेतली. पहिले वर्ष उत्तम गेले. दुसऱ्या पावसाळ्यात धूर उलटा येऊ लागला, तेव्हा चूल घालणाऱ्यास नावे ठेवून आम्ही धुराडे उतरविले. पाहतो तो आत दोन बोटे शिरतील एवढीच वाट उरली होती! दोन वर्षांत ते एकदाही झाडले नव्हते, आणि झाडावयाचे कोणी, हा प्रश्नही आम्हा पुरुषांस पडला नव्हता. लुगडे नेसून बायकांनी कौलांवर चढावे काय? सुधारित चुलींचा जो राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू होऊन २००२ साली बंद पडला, त्यातील कित्येक चुलींची गत देखभालीवाचून अशीच झाली. त्या खापराचा काही वाटा आमच्या माथी येतो.

गुऱ्हाळावर आम्ही चिपाड उन्हात कडकडीत वाळविल्यावाचून चुलवाणात घालीत नाही. काहिलीस जी काळजी, ती घरच्या चुलीस का नसावी? वैशाख सरण्यापूर्वी सरपण फोडून, जमिनीपासून हातभर उंच, वारा खेळेल असे आडोशास रचावे. धुराड्याचे तोंड आढ्याच्या वर दोन हात असावे. पावसाळ्यात दर पंधरवड्यास व एरवी महिन्यातून एकदा, चूल पुरती विझल्यावर, ते वरून खाली झाडावे. नाकातोंडास फडके बांधावे व मागाहून अंघोळ करावी; लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या कर्करोगाचे मूळ अंगावरच्या काजळीत आहे हे १७७५ सालीच दाखविले आहे. भांड्यांस बाहेरून राखमातीचा लेवा देण्याची चाल आमच्या आज्यांची. ती सोडण्याचे कारण दिसत नाही.

झाडण्यासाठी लांब दांड्याचा तारेचा ब्रश लागतो. तो घरटी घेण्याची गरज नाही. फवारणीचा पंप जसा आळीपाळीने फिरतो, तसा वाडीस एक ब्रश संघाने घ्यावा व मृगाआधी तो फिरवावयास लावावा, अशी आमची सूचना आहे. आमच्या वाडीपुरता खर्च आम्ही देऊ.