ताटाचा जमाखर्च

दिवाळी अंकात वजनाचा विषय काढणे म्हणजे मंगलाष्टके चालू असताना शिंकण्यासारखे आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. घरोघरी चकलीचा सोऱ्या फिरतो आहे, बेसन भाजल्याचा वास जिन्यापर्यंत आला आहे, आणि आम्ही मोजमापाच्या गोष्टी काढतो! पण जमाखर्च मांडायला दिवाळीइतका चांगला मुहूर्त दुसरा नाही. लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची पूजा करतात, पाडव्याला नवी वही उघडतात. त्याच दिवशी घरातल्या ताटाचीही एक वही उघडली, तर कोणाचा सण बिघडणार आहे?

अशी वही मांडण्याची कल्पना लोकप्रिय केली ती 'वेट वॉचर्स' या अमेरिकन संस्थेने. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील जीन निडेच या गृहिणीने १९६१ मध्ये मैत्रिणींना घरी जमवून वजन उतरवण्याची खटपट सुरू केली, आणि १९६३ मध्ये त्यातून ही संस्था उभी राहिली. पुढे नव्वदीच्या दशकात संस्थेने 'पॉइंट' काढले. प्रत्येक पदार्थाला काही पॉइंट, प्रत्येक माणसाला दिवसाकाठी ठराविक पॉइंट, तेवढ्यात भागवायचे. पगार ठरलेला आणि बाजार ओळखीचा, अशा मध्यमवर्गीय गृहिणीला ही रीत समजावून सांगायला नको!

आपण पॉइंटाला 'गुण' म्हणू आणि हिशेब अगदी सोपा ठेवू. ५० उष्मांक, म्हणजे ५० कॅलरी, बरोबर एक गुण. आता तीन आकडे ध्यानात ठेवा. १०० ग्रॅम पीठ, तांदूळ किंवा डाळ यांत सुमारे ३४० उष्मांक. १०० ग्रॅम साखरेत ४००. आणि १०० ग्रॅम तेला-तुपात ९००. एवढ्यावर निम्मा स्वयंपाक मोजता येतो. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी चार गुणांची. माणशी ३० ग्रॅम तूरडाळीचे वरण दोन गुणांचे. चहाचा एक चमचा तेल एका गुणाचे, आणि १० ग्रॅम शेंगदाणेही एकाच गुणाचे. म्हशीचे अर्धी वाटी दूध आणि दोन चमचे साखर घातलेला चहा दोन गुणांचा. म्हणजे कचेरीत चार कप चहा घेणारे गृहस्थ दोन भाकरी पिऊन येतात, आणि घरी आल्यावर 'मी भाकरी सोडली' असे सांगतात.

आता दिवसाचे गुण किती धरायचे? येथेच बहुतेकांची गफलत होते. त्यासाठी सेनगावचे उदाहरण घेऊ. सेनगाव हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद पिकवणारा हा मुलूख. समजा, तेथल्या शेतकरी घरातला मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि दिवाळीला बायकोमुलांसह गावी निघाला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये जे आकडे दिले, त्यांप्रमाणे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला अंगमेहनतीचे जड काम असेल तर रोज ३४७० उष्मांक लागतात, आणि बैठे काम असेल तर २११०. म्हणजे नांगर-वखर आणि काढणी-मळणीत राबणाऱ्या वडिलांना ६९ गुण, तर संगणकापुढे बसणाऱ्या मुलाला ४२. बायकांचा हिशेब ५५ किलोवर केलेला आहे. शेतात जड काम करणाऱ्या सासूबाईंना २७२०, म्हणजे ५४ गुण. पुण्यात बैठे काम करणाऱ्या सूनबाईंना १६६०, म्हणजे ३३.

बापलेकांतला फरक २७ गुणांचा आहे. भाकरीत सांगायचे तर जवळजवळ सात भाकरी! आणि ताट मात्र दोघांचे सारखेच वाढले जाते. वडिलांची भूक मुलाकडे आली, वडिलांचे काम आले नाही. 'आमच्या घराण्यात सगळ्यांचाच हात सैल' असे आपण कौतुकाने म्हणतो. पण त्या घराण्याने तो आहार शेतात जिरवला होता. मराठवाड्यात गुढीपाडव्याला सालगड्याचा करार होई, तेव्हा रोख रकमेबरोबर ज्वारीही ठरवून देत. कामाप्रमाणे धान्य हा हिशेब गावाला जुनाच आहे. आपण शहरात येऊन तो विसरलो.

ज्यांना वजन उतरवायचे आहे त्यांनी आपल्या आकड्यातून सहा ते आठ गुण वजा करावेत. तेवढ्याने आठवड्याला पाव-तीनशे ग्रॅम वजन उतरण्याची आशा धरावी. वजन घटत जाईल तसा हा वेगही मंदावतो, हे आधीच समजून असावे. सूनबाईंचे ३३ मधून सहा गेले की २७ उरतात. स्त्रियांनी स्वतःच्या मनाने २४ च्या खाली जाऊ नये.

२७ गुणांत उपाशी राहावे लागते काय? मांडून पहा. एकेक चमचा साखरेचे दोन चहा, तीन गुण. सकाळी बशीभर पोहे, चार. दुपारी दीड भाकरी, वरण, चमचाभर तेलाची भाजी आणि ताक, मिळून अकरा. तिसऱ्या प्रहरी एक पेरू, एक गुण. रात्री एक भाकरी चार गुणांची, पिठले तीन गुणांचे आणि दाण्याचे थोडे कूट घातलेली कोशिंबीर एका गुणाची. बेरीज झाली २७. यात उपासमार कोठेच नाही. मात्र पातेल्याच्या बुडाशी उरलेला भात 'टाकायचा कसा' म्हणून खाल्ला, तर तोही वहीत लिहायचा. घरोघरच्या गृहिणींचे पुष्कळसे गुण या एका वाक्यापायी खर्च होतात.

खरी गंमत तेलात आहे. फोडणीचे तेल चमच्याने कोणी मोजत नाही, पण महिन्याची किराणा यादी सर्वांना पाठ असते. तीच आपली वही! चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर रोज माणशी सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जाते; म्हणजे सात गुण. तेच तीन लिटरवर आणले तर चार गुण. पोषण संस्थेने २०२४ मध्ये २००० उष्मांकांचे जे नमुन्याचे ताट सांगितले, त्यात तेल २७ ग्रॅम आहे. साखरही अशीच पहा. चार माणसांना महिन्याला तीन किलो, म्हणजे रोज माणशी २५ ग्रॅम. याच्यापुढे जाऊ नये. भाकरी आणि वरण तोडण्याआधी या दोन डब्यांकडे पहावे, हे आमचे मुख्य सांगणे आहे.

कारण गुण सारखे असले तरी पोट सारखे भरत नाही. एका गुणाचे तेल जिभेला कळतही नाही. एका गुणाचा पेरू अर्धा तास भूक थोपवतो. वेट वॉचर्सलाही हे पटले. २०१० मध्ये त्यांनी आपले सूत्र बदलून प्रथिने आणि तंतू यांना हिशेबात जास्त मान दिला आणि बहुतेक ताजी फळे शून्य गुणांची केली. तेव्हा सगळे गुण फरसाणात उडवून 'हिशेबात बसते' म्हणणे खरे नव्हे.

आता फराळ. अर्धा किलो बेसन, ३०० ग्रॅम तूप आणि ४५० ग्रॅम साखर यांचे मिळून सुमारे ६२०० उष्मांक, म्हणजे १२४ गुण होतात. त्यांचे ४० लाडू वळले तर एक लाडू तीन गुणांहून थोडा वर. याच रीतीने आपापल्या घरच्या प्रमाणावर करंजी आणि शंकरपाळे मोजता येतील. तळणीचे तेल आधी व नंतर मोजले म्हणजे चकलीने किती प्याले तेही कळते. फराळाचे ताट साधारण बारा ते चौदा गुणांचे निघेल. ते जेवणावर जेवण म्हणून खाऊ नये, जेवणाच्या जागी खावे. सण साजरा होतो आणि वहीही जुळते.

एवढा खटाटोप कशासाठी? केवळ दिसण्यासाठी असता तर आम्ही एवढी जागा अडवली नसती. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक जोडछायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, शरीरभारांक २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपली माणसे सडपातळ दिसतात, आणि चरबी पोटाशी दडून बसते. त्यातूनच मधुमेह लवकर येतो. म्हणून वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेपही कामाचा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या आत असावी.

याच संशोधनाने दुसरी बाजूही दाखवली. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडातील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. चरबी मात्र त्या मानाने घटलेली नव्हती. तेव्हा गर्भवतीच्या ताटातून गुण कापणे म्हणजे पुढच्या पिढीचे खाते उणे करणे होय. तिला रोज सात गुण अधिक द्यावेत, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने बारा. वाढत्या मुलांना वही दाखवूच नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गुणही कमी करू नये.

पाडव्याला वहीच्या पहिल्या पानावर दोनच आकडे लिहा: गेल्या महिन्यात घरात तेल किती आले आणि साखर किती आली. त्यांना घरातल्या माणसांनी आणि तीस दिवसांनी भागा. पुढचा हिशेब आपोआप सुचेल. सर्व वाचकांना ही दिवाळी आरोग्याची आणि आनंदाची जावो!