फुकटचा ब्रोकर

अमेरिकेतल्या मंडळींनो, २०१९ च्या ऑक्टोबरात तिथल्या बड्या ब्रोकरांनी शेअर्सवरचं कमिशन शून्य केलं. ऑप्शन्सवर बऱ्याच ठिकाणी कॉन्ट्रॅक्टला ६५ सेंट. आपण तेवढंच बघून ब्रोकर निवडतो. मला हा हिशोबच पटत नाही.

समजा, एका ऑप्शनला घेणारा २.०० डॉलर देतोय, विकणारा २.२० मागतोय. मी २.१० ची लिमिट लावली. सौदा एक्स्चेंजवरच होतो, पण ऑर्डर कोणामार्फत, कुठे जाणार हे ब्रोकर ठरवतो. आणि ती मिळावी म्हणून होलसेलर ब्रोकरला पैसे मोजतात! जिथे ब्रोकरला जास्त मिळतं, तिथेच माझा सौदा लवकर होईल असं थोडंच आहे? वाट बघून कंटाळून २.२० दिले, की १०० शेअर्सच्या कॉन्ट्रॅक्टमागे १० डॉलर गेले. कुठे ६५ सेंट, कुठे १० डॉलर!

ही कमाई ग्राहकांपासून दडवल्याच्या आरोपावरून रॉबिनहूडने डिसेंबर २०२० मध्ये एसईसीला साडेसहा कोटी डॉलर दंड भरला.

लिमिट लावाच, ती भाव राखते. पण ब्रोकरचा नियम ६०६ खालचा तिमाही अहवालही वाचा. ऑर्डरी कुठे जातात, ब्रोकरला किती मिळतं, सगळं त्यात असतं. तुमच्यापैकी कोणी वाचलाय?