सूचना जनतेच्या, कुलूप सरकारचे

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याच्या नियमांचा मसुदा जाहीर केला आणि 'मायगव्ह' या संकेतस्थळावर जनतेच्या सूचना मागविल्या. सूचना मागविणे चांगलेच. परंतु सोबत एक अटही होती. आलेल्या सूचना कोणत्याही टप्प्यावर कोणालाही उघड केल्या जाणार नाहीत! म्हणजे जनतेने बोलायचे, सरकारने ऐकायचे, आणि कोण काय बोलले हे शेजाऱ्याला कळू द्यायचे नाही. याला लोकसहभाग म्हणायचे काय?

वास्तविक, विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस जनतेसमोर ठेवावा आणि आलेल्या अभिप्रायांचा सारांश संकेतस्थळावर द्यावा, असे धोरण केंद्रानेच २०१४ साली ठरविले. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. ते मोडले म्हणून कोणावर कारवाई होत नाही.

आता दुसरीकडे काय घडले ते पाहा. स्पेनमधील माद्रिद शहराने २०१५ साली नागरिकांच्या सूचना आणि मतदानासाठी 'कॉन्सुल' नावाची संगणकीय आज्ञावली तयार केली. ती ओपन सोर्स होती. म्हणजे तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, तपासावी, बदलावी आणि वापरावी. त्यामुळे बार्सिलोना शहराला २०१६ साली आयती सुरुवात मिळाली. पुढे त्या शहराने स्वतःच्या खर्चाने 'डेसिडिम' उभे केले. कॅटलान भाषेत या शब्दाचा अर्थ 'आपण ठरवतो'. शहराच्या कृती आराखड्यासाठी दहा हजारांहून अधिक प्रस्ताव आले. प्रत्येक प्रस्ताव सर्वांना दिसत होता. त्याला पाठिंबा किती आणि त्याचे पुढे काय झाले, हेही दिसत होते. हीच आज्ञावली घेऊन युरोपीय संघाने २०२१-२२ मध्ये चोवीस भाषांत युरोपच्या भवितव्यावर चर्चा घडविली. एका शहराच्या करदात्यांचा पैसा सगळ्या खंडाच्या उपयोगी पडला. खाजगी कंपनीकडून परवान्यावर घेतलेल्या बंदिस्त यंत्रणेने हे कधी झाले असते काय?

परंतु फुकट मिळणारी वस्तू फुकट तयार होत नाही, हे आपण विसरतो. २०१४ साली 'हार्टब्लीड' नावाची चूक उघडकीस आली, तेव्हा जगाला कळले की असंख्य संकेतस्थळांची सुरक्षा ज्या 'ओपनएसएसएल'वर उभी होती, तिला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक! बँका आणि सरकारे तिच्या जिवावर चालत होती. पोसायला मात्र कोणी पुढे आले नाही. जर्मनीने २०२२ साली अशा सार्वजनिक आज्ञावलींच्या देखभालीसाठी सरकारी निधी उभा केला. आपल्याकडे झेरोधा कंपनीने २०२४ साली दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण लोकशाहीची साधने एखाद्या कंपनीच्या औदार्यावर किती काळ चालवायची? सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्राने २०१५ मध्येच स्वीकारले आहे. वापरायला धोरण आहे, मग पोसायला तरतूद का नको?

साधन आले म्हणजे सहभाग आला, असेही आम्ही मानत नाही. मार्च २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी आणि हिंदीत निघाला. ज्यांच्या जमिनीशेजारी खाण आणि कारखाना येणार, त्यांच्या भाषेत तो नव्हता. आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत भाषांतर करा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला जून २०२० मध्ये सांगावे लागले! बार्सिलोनाने तर संगणकासोबत चारशेहून अधिक प्रत्यक्ष बैठका घेतल्या आणि तिथले बोलणे त्याच यंत्रणेत नोंदविले. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेते. पण वस्तीतल्या बाईने गटारासाठी भरलेला अर्ज पुढे कोणत्या टेबलावर थांबला, हे तिला घरबसल्या कळते काय? नसेल, तर त्या अर्जाला सहभाग म्हणता येणार नाही.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सांगते की महत्त्वाचे धोरण ठरविताना सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करा, निर्णयाने बाधित होणाऱ्यांना कारणे द्या, आणि माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करा. म्हणून राज्य सरकारकडे आणि महापालिकांकडे आमच्या चार मागण्या आहेत. जनतेच्या पैशातून बनणारी लोकसहभागाची प्रत्येक आज्ञावली ओपन सोर्स असावी. तिच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात दरवर्षी स्वतंत्र तरतूद असावी. प्रत्येक सूचनेला क्रमांक आणि ठराविक मुदतीत कारणांसह उत्तर मिळावे. आणि ग्रामसभेत तोंडी मांडलेली सूचनाही मराठीत त्याच नोंदवहीत चढावी.

मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटीवर मताधिकार अडविला जात होता, तेव्हा बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. ती अट १९५० साली संविधानाने मोडली. आज स्मार्टफोन, इंग्रजी आणि पासवर्डच्या रूपाने तीच अट मागच्या दाराने येत आहे. ती वेळीच ओळखली पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत, प्रभागाच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा : आमच्या सूचनेचे काय झाले, आणि ते आम्हाला कुठे दिसेल? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.