भुताचे घर आणि उजेडाची खोली

दर ३१ ऑक्टोबरला राहत्या घरातच ‘भुताचे घर’ उभारण्याची टूम महानगरांतील उच्चभ्रू वसाहतींत आता रुजली आहे. खोली काळ्या पडद्यांनी अंधारी करायची, पुठ्ठ्यांचा वाकडातिकडा बोळ रचायचा, वळणावर सांगाडे, मुखवटे आणि दोरीने ओढायचे चादरीचे भूत, आणि शेजारच्या मुलांना एकेक करून आत सोडायचे. घुग्घुससारख्या कोळसा-सिमेंटच्या गावी हे लोण पोहोचायला वेळ लागणार नाही.

‘पाश्चात्त्यांचे अंधानुकरण’ असा शेरा मारून मोकळे होणे सोपे आहे, आणि तो शेरा खोटाही नाही. (ख्रिस्ती परंपरेत ही संतांच्या स्मरणदिनाची पूर्वसंध्या, बाजाराने स्मरण वगळले, मुखवटे तेवढे विकायला ठेवले.) कागद-बांबूची अक्राळविक्राळ आकृती घडवणे विदर्भाला परक्यांकडून शिकावे लागलेले नाही. नागपूरची मारबत एकोणिसाव्या शतकापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते. भीती घरात मांडून ठेवायची नाही, मिरवीत नेऊन जाळून टाकायची, हा तिचा रिवाज.

परंतु चंद्रपूर-गडचिरोलीत प्रश्न केवळ अनुकरणाचा नाही. जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे ऑगस्ट २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध व महिलांसह ७ जणांना बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे त्याच संशयाने एका महिलेला व एका पुरुषाला जाळण्यात आले. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात असताना हे घडले. समरसतेची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाची मान खाली जावी, अशा या घटना. अशा मुलखात पुठ्ठ्याच्या बोळात पिंजारल्या केसांची, कमरेत वाकलेली म्हातारी ‘चेटकीण’ म्हणून उभी करणे हा विनोद उरत नाही. तो मुखवटा मुलाच्या मनात राहतो आणि पुढे कधीतरी एखाद्या निराधार वृद्धेच्या चेहऱ्यावर चढवला जातो. बाकी काहीही करा, ही म्हातारी मात्र नको.

खऱ्या भयाची ओळख घुग्घुसला आहेच. ऑगस्ट २०२२ मध्ये, गणेशोत्सव तोंडावर असताना, आमराई वॉर्डातील एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरची माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. ती करणी नव्हती, भानामती नव्हती. जमिनीखाली जुन्या कोळसा खाणीची पोकळी होती. कारण शोधले की ते असे सापडते.

म्हणून मुलांना भुताचे घर बांधायचेच असेल तर खुशाल बांधू द्यावे. फक्त शेवटची खोली उजेडाची असावी. तिथे चादर, दोरी, हनुवटीखाली धरलेली विजेरी, किंचाळीचे ध्वनिमुद्रण, सारे उघडे मांडावे आणि बांधणाऱ्या मुलांनीच ते समजावून सांगावे. मेणबत्ती व पणती आत नकोच. अमेरिकेतील न्यू जर्सीत १९८४ साली एका करमणूक उद्यानातील अशाच भुताच्या वाड्याला आग लागून ८ किशोरवयीन मुले दगावली. अंधारात वाट दिसावी म्हणून कोणी लायटर पेटवला आणि फोमच्या अस्तराने पेट घेतला. बोळाला बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग ठेवावा, आणि दिव्याच्या बटणाशी एक जाणते माणूस बसवावे.

आणि आलेल्या मुलांत जे सर्वांत भित्रे असेल, त्याच्या हाती भुताची दोरी देऊन ती त्याला दोन-चारदा ओढू द्यावी.