चाकांवरच्या घरातली वीज

बेंगळुरूच्या बनशंकरीतून जाणारा कनकपुरा रस्ता पुढे संगम-मेकेदाटूकडे नेतो. अशा सहलीसाठी गाडीमागे जोडायचं, दोघं झोपतील एवढं घर स्वतःच बनवायची हौस एखाद्याला येते. सुतारकाम जमतं, पडदे घरच्या साड्यांतून निघतात. गाडी अडते ती विजेपाशी.

सुरुवात दुकानात नव्हे, वहीत करावी. पाच वॅटचे दोन दिवे चार तास म्हणजे ४० वॅट-तास. बॅटरीवर चालणारा २० वॅटचा पंखा आठ तास, १६०. दोन मोबाइल, साधारण ३०. एका रात्रीचा खर्च झाला २३०. बारा व्होल्टच्या ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७२० वॅट-तास मावतात. पण लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली, तर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हाताशी ३६०. छपरावर १०० वॅटचं सौर पॅनल असेल, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी तीनशेच्या आसपास परत मिळतात. पावसाळ्यात हा हिशेब विसरावा.

आता गृहिणी विचारणार, "मिक्सर?" साडेसातशे वॅटचा मिक्सर इन्व्हर्टरवर लावला, तर बॅटरीतून साठाहून जास्त अँपिअर ओढले जातात. चटणी घरूनच वाटून न्यावी, हे उत्तम. इंडक्शन शेगडीचं तर नावच नको.

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून अनेक जण बेफिकीर राहतात. खरा धोका आगीचा आहे. वायर पत्र्याच्या कडेवर घासून सोलली, की बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते आणि वायर तापून लाल होते. बाजूला प्लायवुड, गादी आणि झोपलेली मुलं. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकाला, अगदी जवळ, हातभर अंतराच्या आतच हवा. दिव्याजवळ बसवलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही. वायर जाड घ्यावी, भोकातून जाईल तिथे रबरी कडी घालावी. चार्ज होताना लेड-अॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिची पेटी बंदिस्त असावी आणि हवा बाहेर सोडणारी नळी तिला असावी. गादीखाली उघडी बॅटरी कधीच नको.

एखाद्या विश्रामगृहातून २३० व्होल्टची जोडणी घ्यायची असेल, तर अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. इथे काटकसर शोभत नाही.

आणखी एक. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही वाहनच. खिळा ठोकण्याआधी आरटीओत नोंदणीची चौकशी करावी. नाहीतर सगळी वायरिंग अंगणातच उजेड देत बसेल.